धसका बसलेल्या माणसांसोबत काम: पर्यवेक्षकांना नेमकं काय शिकवायचं?

आशाताईंच्या गटप्रवर्तक, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, शाळांचे केंद्रप्रमुख, वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांतले शिफ्ट सुपरवायझर, ऊसतोड टोळीचे मुकादम. यांच्यात कुणी डॉक्टर नाही, कुणी समुपदेशकही नाही. पण मराठवाड्यात यांच्या हाताखाली रोज कामाला येणाऱ्या माणसांनी खूप काही सोसलेलं असतं. कुणाच्या घरात कर्त्या माणसाने जीव दिलेला असतो. कुणी मशीनमध्ये सोबत्याचा हात गेलेला पाहिलेला असतो. २०२५च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीत कुणाचं जनावर दावणीलाच बुडालं, कुणाचं रान मातीसकट खरवडून गेलं. एखादीला घरी रोज मार असतो आणि ती सकाळी पदर सावरून हजेरीला उभी राहते. ही सगळी माणसं कामावर येताना हे ओझं दाराबाहेर ठेवून येत नाहीत.

अशा माणसांसोबत काम करायची एक पद्धत गेल्या काही दशकांत जगभर आकाराला आली आहे. तिला ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ म्हणतात, म्हणजे समोरच्याच्या मनावर आघात झालेला असू शकतो हे गृहीत धरून वागायचं. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या पर्यवेक्षकांना ती शिकवता येते का? येते. मात्र त्यांना अर्धा डॉक्टर करायला निघालो, तर ती फसते. पर्यवेक्षकाच्या हातात काही गोष्टी आधीपासूनच असतात: बैठक कधी घ्यायची, कुणासमोर काय विचारायचं, रजा कशी द्यायची, पाळी कुणाला कुठली लावायची. प्रशिक्षणाने यांवरच काम करावं. आजाराची नावं पाठ करून घेण्यात वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक प्रसंग बघू. कुठल्याही तालुक्यात घडू शकेल असा.

महिन्याची आढावा बैठक आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या, मांडीवर रजिस्टरं, पुढे टेबलामागे साहेब. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी राज्याने सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पात आशा घरोघर जाऊन तणावाखालच्या माणसांची नोंद घेतात. अशीच एक आशा इथे बसली आहे. तिने ज्याच्या ओसरीवर बसून महिन्यापूर्वी प्रश्नावली भरली होती, तो माणूस आठ दिवसांपूर्वी गेला. तिच्या गावाचं नाव येतं. “यादीत नाव होतं ना याचं? मग लक्ष कुठं होतं तुमचं?” ती उठून उभी राहते. स्वतःच्याच अक्षरात भरलेलं रजिस्टर, पण तिला पान सापडत नाही. पानं पुढे जातात, मागे येतात. पेनाचं टोपण खाली पडतं. “कामून बोलनात? विचारायलो मी.” ती “हो सर” म्हणते. प्रश्नाला ते उत्तर होत नाही हे तिलाही कळतं. चाळीस जणी खाली बघतात. पुढच्या महिन्यात तिच्या भेटींच्या नोंदीत त्या माणसाची गल्लीच नसते.

साहेबांच्या वहीत शेरा पडतो: कामात हलगर्जी.

तिचं काय झालं होतं? धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग क्षणात इशारा देतो. अंगात अ‍ॅड्रेनालीन आणि कॉर्टिसोल सुटतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हातपाय गार होतात. शरीर लढायला, पळायला किंवा जागीच गोठून जायला तयार होतं. त्या वेळी विचार करणारा, शब्द जुळवणारा, आकडे आठवणारा मेंदूचा पुढचा भाग मागे पडतो. साप समोर आल्यावर हे उपयोगाचंच आहे. पण मोठा आघात झालेल्या माणसात हा इशारा हलक्या कारणानेही वाजू लागतो. वरचा आवाज, बंद दार, एखादा वास, एखादी तारीख पुरते. आशाताईला पान सापडत नव्हतं, कारण त्या घटकेला पान शोधणारा मेंदूच कामावर नव्हता. चारचौघांत दरडावून विचारल्यामुळे तो आणखी बंद पडला.

एवढं पर्यवेक्षकाला समजलं, तर पुढचं बरंच आपोआप समजतं. मुद्दा काम माफ करण्याचा नाही. माहिती हवी असेल, तर ज्या अवस्थेत माणूस माहिती देऊ शकतो ती अवस्था आधी तयार करावी लागते.

त्याच प्रसंगात गटप्रवर्तकताईने आदल्या संध्याकाळी एक फोन केला असता तर? “ताई, उद्या तुमच्या गावचा विषय निघणार आहे. तुम्ही सांगता का मी सांगू? नको वाटत असेल तर मीच सांगते, तुम्ही फक्त तारखा द्या. आणि त्या गल्लीत पुढच्या भेटीला मी सोबत येते.” फोन पाच मिनिटांचासुद्धा नाही. पण त्यात काय घडणार हे आधी कळलं, निवड करता आली, अब्रू राहिली आणि सोबत मिळाली. अमेरिकेच्या साम्सा या सरकारी संस्थेने २०१४ साली या पद्धतीची जी सहा तत्त्वं मांडली, त्यांतली सुरक्षितता, पारदर्शकता, सोबत, सहकार्य आणि निवडीचा हक्क अशी पाच या एका फोनात बसतात. सहावं तत्त्व संस्कृती, इतिहास आणि स्त्री-पुरुष भेदाचं भान ठेवण्याचं आहे. आपल्याकडे त्यात जातही धरावी लागते. विधवा आशाताईला सणाच्या कार्यक्रमात मागे बसवलं जातं का, दलित वस्तीतल्या सेविकेला पाणी कुठून प्यायला मिळतं, हेही पर्यवेक्षकाने बघायचंच आहे.

प्रशिक्षण घेताना या तत्त्वांत मी सर्वांत जास्त वेळ ‘आधी कळणं’ यावर घालवते. आघाताने माणसाचा एक विश्वास मोडतो, तो म्हणजे उद्याचा दिवस साधारण आजसारखाच असेल हा. म्हणून ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट होणं हेच मोठं औषध ठरतं आणि ते द्यायला पदवी लागत नाही. अचानक “लगेच ऑफिसला या” असा निरोप धाडण्यापेक्षा “उद्या ११ वाजता या, पोषण ट्रॅकरच्या नोंदींबद्दल बोलायचंय, काळजीचं काही नाही” असा निरोप द्यावा. पाळी बदलायची तर आदल्या दिवशी सांगावं. मानधन उशिरा येणार असेल तर तेही स्वतःहून सांगावं, तारीख माहीत नसेल तर “माहीत नाही, सोमवारी विचारून सांगते” म्हणावं आणि सोमवारी खरोखर सांगावं. शब्द पाळणारा साहेब धसकलेल्या माणसाला जितका आधार देतो, तितका गोड बोलणारा देत नाही.

तारखाही लक्षात ठेवाव्यात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-धाराशिव भागात सुमारे १०,००० माणसं गेली. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. तेव्हा लहान असलेली पोरं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, कुणी अंगणवाडी सेविका आहे, कुणी शिक्षक, कुणी कंडक्टर. औसा, उमरगा, लोहाऱ्याकडे सप्टेंबरअखेर एखादा माणूस दरवर्षी चिडचिडा होत असेल, रात्रपाळीला नको म्हणत असेल, तर त्यामागे ती पहाट असू शकते. त्याला विचारायची गरज नाही. त्या आठवड्यात रात्रपाळीची अदलाबदल करू दिली तरी पुरे.

विचारायची गरज नाही, हे प्रशिक्षणात सर्वांत अवघड जातं. आपल्या भल्या माणसांना वाटतं की दुःख बोलून टाकलं की मन मोकळं होतं, म्हणून ते खोदून विचारतात. “सांग ना, नेमकं काय झालं? कुणी पाहिलं आधी?” घटना घडल्याबरोबर माणसाकडून सगळं एका बैठकीत वदवून घेण्याची पद्धत पूर्वी प्रचलित होती. तिचा फायदा होत नाही, काहींना तर ती जाचते, असं संशोधनात दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नका असं सांगितलं. त्याऐवजी २०११च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीन सोप्या क्रिया दिल्या आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का, त्याला तातडीने काय लागतंय हे पाहायचं. तो स्वतःहून बोलला तर मध्ये न तोडता ऐकायचं, नाही बोलला तर शेजारी बसायचं. आणि ज्याची गरज आहे त्याच्याशी गाठ घालून द्यायची, मग तो डॉक्टर असो, तलाठी असो की माहेरचा भाऊ.

“झालं गेलं विसरून जा”, “तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक आहेत”, “आता घरात तूच गडी आहेस, रडायचं नाही” ही वाक्यं आपल्या तोंडात बसलेली आहेत. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ऐकणाऱ्याला त्यांतून ‘गप्प बस’ एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी साधं बोलावं: “तुमच्यावर काय गुदरलं ते माझ्या कानावर आलंय. बोलायचं नसेल तर नका बोलू. या पंधरवड्यात कामाचं काय हलकं करू, तेवढं सांगा.” यावर पुष्कळदा उत्तर येतं, “काही नको मॅडम, फक्त सकाळी अर्धा तास उशीर झाला तर समजून घ्या, झोपच येईना.” पर्यवेक्षकाला नेमकं हेच कळायला हवं होतं.

कारखान्यातला प्रकार थोडा वेगळा आहे. प्रेस मशीनवर बोट गेलेला कामगार उपचार घेऊन परत येतो. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कागद होतात, फिटनेस मिळतो. सुपरवायझर त्याला पहिल्या दिवशी त्याच मशीनवर उभा करतो, कारण हजेरीपत्रकात त्याची जागा तीच आहे. प्रेस खाली येतानाचा आवाज झाला की तो दचकतो, एक पाऊल मागे सरतो, उत्पादन पडतं. शेजारचे हसतात. इथे सुपरवायझरने आधी मशीन बघायचं. सेन्सर चालू आहे का, दोन्ही हातांनी दाबायची बटणं कुणी बायपास तर केलेली नाहीत? तो भाग जसाच्या तसा असेल तर त्या माणसाची भीती खरी आहे आणि ती घालवायचा प्रयत्न करणं चूक आहे. मशीन दुरुस्त झाल्यावर त्याच्यासमोर ते चालवून दाखवायचं. पहिले काही दिवस दुसरं काम, मग सोबतीला कुणी असताना थोडा वेळ त्या मशीनवर, कधी थांबायचं ते त्याने ठरवायचं. आणि त्या दिवशी रक्त पुसणाऱ्या दोन पोरांनाही विचारायला हवं. ते अपघातग्रस्तांच्या यादीत नसतात, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

बहुतेक माणसं वेळ, झोप, माणसं आणि रोजचं काम यांच्या बळावर काही आठवड्यांत सावरतात. म्हणून प्रत्येकाला डॉक्टरकडे पाठवायचं नसतं. पण एक महिना उलटूनही झोप नाही, तीच दृश्यं डोळ्यांपुढे येताहेत, माणूस दारूकडे वळला आहे किंवा कामाची ती जागा टाळण्यासाठी आडवाटा शोधतो आहे, असं दिसलं तर आपलं काम संपलं आणि तज्ज्ञाचं सुरू झालं. जिल्हा रुग्णालय, संभाजीनगरला घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे मनोविकार विभाग आहेत. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक आहे, २०२२च्या ऑक्टोबरपासून तो चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. नुसता नंबर हातात देऊन मोकळं होऊ नये. “आत्ता लावू का? मी इथेच बसते” असं म्हटलं तर माणूस बोलण्याची शक्यता वाढते.

कुणी जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागला, सावकाराची आणि बँकेची कागदपत्रं बायकोच्या हवाली करू लागला, तर थेट विचारावं: “जीव द्यायचा विचार मनात येतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, फवारणीची औषधं घरच्यांकडून दुसरीकडे हलवून कुलपात ठेवायला लावायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. त्याला “पोलीस केस होईल” अशी भीती घालू नये. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याला उपचार मिळवून देणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं.

गुप्ततेबद्दल आधीच बोलून ठेवावं. “तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील, पण तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मला मदत बोलवावी लागेल, तीही तुम्हाला सांगून.” गाव लहान असतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर “अमुकताईंच्या घरी दुःखद प्रसंग असल्याने” असा मेसेज टाकताना ताईंना विचारलंय का, हे बघायला हवं.

आघात कामाच्या जागीच झाला असेल आणि करणारा वरचा माणूस असेल, तर समजूतदारपणा पुरत नाही. १९९२ साली राजस्थानात गावपातळीवर ‘साथीन’ म्हणून सरकारी काम करणाऱ्या भंवरी देवींवर सामूहिक बलात्कार झाला. बालविवाह रोखण्याच्या त्यांच्या कामाचा तो सूड होता. त्यातून कामाच्या जागचा लैंगिक छळ रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे १९९७चे विशाखा निर्देश आले आणि पुढे २०१३चा लैंगिक छळविरोधी कायदा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असावी लागते, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची असते. पर्यवेक्षकाने आपल्या पातळीवर ‘मिटवामिटवी’ करायची नाही. समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि फोन नंबर प्रशिक्षणातच प्रत्येकाच्या वहीत लिहून घ्यावेत.

आता एक अप्रिय गोष्ट. बीड, जालना, परभणीतून जाणाऱ्या ऊसतोड जोडप्याला कारखान्याच्या हिशेबात ‘एक कोयता’ धरतात. उचल अंगावर असते, खाडा झाला तर पैसे कापले जातात, मासिक पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात पोचला, चौकशी समिती नेमली गेली. अशा ठिकाणी मुकादमाला हळू आवाजात बोलायला शिकवून काय साधणार? खाड्याचा दंड रद्द होणं, कोप्यांजवळ पाणी आणि संडास असणं हीच तिथली पहिली पायरी आहे. आशा आणि गटप्रवर्तकांच्या थकलेल्या मानधनाचंही तेच. आघाताची जाण ठेवणारी कार्यशाळा घ्यायची आणि पगार तीन महिने लटकवायचा, तर कार्यशाळेवरचा विश्वास उडणारच. आयोजकांना मी हे प्रशिक्षणाआधी सांगते, ऐकणाऱ्याला आवडो न आवडो.

माणसांच्या हातात काही दिलं की काय होतं, याचं उदाहरण इथल्याच मातीत आहे. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. घरदुरुस्तीचे निकष, पैशांचे हप्ते, भूकंपाला टिकणारं बांधकाम कसं करायचं, हे त्या घरोघर समजावून सांगत आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेत. त्यांतल्या अनेकींची स्वतःची घरं पडलेली होती. त्यांना नुसतं मदत घेणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं नाही, निर्णयात घेतलं. पर्यवेक्षकाने टीमच्या बैठकीत “मी काय ठरवलंय” ऐवजी “भेटींचं वेळापत्रक तुम्हीच लावा, कुठे अडतंय ते मला सांगा” म्हणणं हे त्याचंच छोटं रूप.

प्रशिक्षण कसं घ्यावं याबद्दल थोडं. एका दिवसात सहा तास पडद्यावर स्लाइड दाखवून हे शिकता येत नाही. दोन अर्धे दिवस घ्यावेत, मध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कामातली एकच सवय बदलायला निवडावी, दुसऱ्या दिवशी त्याचं काय झालं ते सांगावं. वाक्यं तोंडाने म्हणून घ्यावीत, कारण वाचलेलं वाक्य ऐन वेळी जिभेवर येत नाही. मात्र अभिनय करून दाखवायच्या प्रसंगात आत्महत्या किंवा बलात्कार घेऊ नये. समोर बसलेल्यांत ज्यांच्या घरी ते घडलंय अशी माणसं असतात. सुरुवातीलाच सांगावं की कुणालाही केव्हाही न विचारता बाहेर जाता येईल, दार उघडं राहील, स्वतःचं काही सांगायची सक्ती नाही. प्रशिक्षकाने आधी हे पाळलं, तरच पर्यवेक्षक ते पुढे नेतात.

गटप्रवर्तकताई स्वतः साधारण वीस आशांची दुःखं ऐकते, आणि तिचं ऐकणारं कुणी नसतं. ऐकून ऐकून तिचीही झोप उडते, ती तुटक बोलू लागते, नाहीतर सगळ्यांची कामं स्वतःच्या अंगावर घेते. दोन-तीन शेजारच्या गटप्रवर्तकांनी पंधरा दिवसांतून एकदा एकमेकींशी तासभर बोलावं, आणि तो तास कामाच्या वेळेत धरला जावा. यासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्याची सही लागते. म्हणूनच कार्यशाळेत साहेबांनी उद्घाटनाला येऊन नारळ फोडून निघून जायचं नसतं, पूर्ण वेळ बसायचं असतं.

आणि उपयोग झाला की नाही, हे कार्यशाळा संपताना भरून घेतलेल्या अभिप्रायावरून कळत नाही. तीन महिन्यांनी जाऊन बघावं. बैठकीत उभं करून विचारणं थांबलं का? निरोपात वेळ आणि विषय लिहिला जातो का? न सांगता राहिलेले खाडे कमी झाले का? ‘पान सापडत नाही’ म्हणणाऱ्या बाईला आता कुणी “राहू द्या ताई, दुपारी बघू” म्हणतं का? आणि हे सगळं पर्यवेक्षकाला विचारू नये, त्याच्या हाताखालच्यांना विचारावं, नाव न लिहिता, चिठ्ठीवर.